मरीमायने न खाल्लेला कोंबडा

माझ्या मोठेबाबांनी मरीमायला फसवलं, आणि तिच्या आडून मला. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते आता नाहीत. मरीमाय, आमच्या गावाबाहेरची देवी, बोलत नाही. राहिले दोघं. एक मी, आणि दुसरा त्यांचा मुलगा प्रमोद, जो तेव्हा सगळं जाणून होता आणि आज अकोल्यात पेन्शन खात बसला आहे. फसवणूक एका कोंबड्याची होती. हे सांगितलं की लोक हसतात. हसू दे. मी अमरावतीला बडनेरा रस्त्यावर स्वतःची हॅचरी उभी केली, माझ्या पिल्लांच्या गाड्या धारणीपासून धामणगावापर्यंत जातात, आणि दराच्या बाबतीत ही बाई सापासारखी आहे असं व्यापारी माझ्या पाठीमागे म्हणतात ते मला ठाऊक आहे. ह्या सगळ्याची सुरुवात त्या कोंबड्यापाशी होते, म्हणून तो इथे येणारच.

आमचं गाव पातूरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात शेवगा, शेवग्याला बांधलेली म्हैस आणि एका कडेला पऱ्हाट्यांची रास. सरपणासाठी रचलेल्या कपाशीच्या त्या काड्यांतच कोंबड्या अंडी घालायच्या आणि काढताना माझे हात ओरबाडून निघायचे. सकाळी आधी म्हशीची साखळी वाजायची, मग मायच्या हाताखाली भाकर थापल्याचा आवाज यायचा, मग कोंबडे. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भेदऱ्यांची चटणी आणि तिच्यावर मूठभर सांबार. पुण्याकडच्या माझ्या सुनेला वाटतं सांबार म्हणजे इडलीबरोबरचं. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो आणि टोमॅटोला भेदरं. बाबा शेतात राबायचे आणि घरात गप्प असायचे. घरात बोलायचं काम मोठेबाबांकडे होतं. ते अकोल्याला एका तेलाच्या मिलमध्ये कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने यायचे. पांढरा पायजमा, अंगाला सरकीच्या तेलाचा वास, हातात काहीतरी पिशवी. ते आले की माय डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि बाबा बाजेवरून उठून खाली बसायचे.

बुटक्या कोंबड्या घरात आल्या त्या माझ्या मामामुळे. मामा धारणीकडे जीप चालवायचा. तिकडच्या एका बाजारातून त्याने एका डाल्यात एक कोंबडा आणि दोन माद्या आणल्या. अंगाने पारव्यापेक्षा थोड्या मोठ्या, आणि पायांत बोटांपर्यंत पिसं, जसा कोणी सैल पायजमा घातला आहे. कोंबडा तर अंगणात असा चालायचा की बाबासुद्धा एकदा हसले. त्याचं नाव मी नवाब ठेवलं. मामाने डालं माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे कुसुमचे. कोनी हात लावायचा नाई." त्या घरात माझ्या नावाचं तोवर काहीच नव्हतं. पाटीसुद्धा प्रमोदची जुनी होती.

मी त्या जातीच्या मागेच लागले. कोणती मादी कधी खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं सोडून अंड्यांवर बसायला मागते, ते मी तिच्या आवाजावरून ओळखायचे. खुडूक झालेली कोंबडी हात लावला की फुगते आणि घशातून म्हाताऱ्या बाईसारखी कुरकुरते. तिच्याखाली ठेवायची अंडी मी वेगळी काढायचे; फार लांबट नको, फार गोल नको. गावठी कोंबडे आमच्या अंगणात आले तर मी दगड घेऊन उभी असायचे, कारण एकदा मोठ्या कोंबड्याचं रक्त आलं की पायातली पिसं विरळ होतात आणि अंग वाढतं. जी पिल्लं लहान आणि भरल्या पायांची निघायची ती ठेवायची, बाकीची धान्याच्या बदल्यात द्यायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून आलं. आज माझ्या हॅचरीत हेच काम पगारी माणसं करतात आणि चुकतात.

अंडी विकायचं कामही माझंच. मास्तरीणबाई रोज तेच बोलायच्या.

"एवढुसं अंडं, अन् भाव गावठी कोंबडीचा मांगतं तू?"

"फोडून पाहा ना बाई. पिवळं तेवढंच आहे. कमी आहे ते पांढरं. पांढऱ्यात काय असते, पानीच!"

"कोनाची पोट्टी आहेस वं तू? तोंड पाह्य हिचं!"

पण घ्यायच्या. पिवळ्याची गोष्ट खरी होती. बुटक्या कोंबडीच्या अंड्यात पिवळा भाग त्या मानाने मोठाच असतो. खरी गोष्ट ठणकावून सांगितली की गिऱ्हाईक चिडतं पण परत येतं, हे मी मास्तरीणबाईंच्या ओट्यावर शिकले.

मग एका हिवाळ्यात अंडी बिघडली. आधी कवचं पातळ झाली. पऱ्हाट्यांत हात घातला की बोटाखाली अंडं दबायचं. मग पिंगी नावाची माझी सगळ्यात चांगली मादी एका सकाळी कोपऱ्यात शेपटी खाली करून बसली, उठून कळ द्यायची, परत बसायची. अंडं अडकलं होतं. मायने तिला गुडघ्यात धरलं, कोमट पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तिचा मागचा भाग बुडवून ठेवला, जवसाचं तेल बोटाला लावून हळूहळू आतून फिरवलं. "दम धर माय, दम धर," असं ती कोंबडीला म्हणत होती, जसं बाळंतिणीला म्हणतात. शेवटी अंडं आलं, मऊ, सुरकुतलेलं, कवच नावालाच. पिंगी वाचली. पण तिच्यानंतर मी ज्या ज्या मादीखाली अंडी ठेवली त्यांतून काही निघालं नाही. मुदत उलटून गेली तरी कोंबडी बसून, आणि अंडी गार. फोडून पाहिली तर आत पिल्लाची सुरुवातसुद्धा नाही. घरात ठेवलेली अंडी फोडली तर पिवळं पिवळं नव्हतंच, शेवाळासारखं हिरवट झालेलं. मास्तरीणबाईंनी तर अंड्याची वाटी घेऊन माझ्या दारात येऊन ती ओतली. "पाह्य, तुह्यं पिवळं पाह्य!" त्या म्हणाल्या. मी वाटी धुऊन त्यांच्या हातात दिली. असे प्रसंग मी विसरत नाही.

घरात एकमताने ठरलं की कोंबडा निकामी झाला. मीसुद्धा ते धरून चालले. अंड्यात जीव धरत नाही म्हणजे दोष नराचा, एवढंच आम्हाला कळत होतं. मामाला सांगून धारणीहून दुसरा कोंबडा आणवावा असं माझ्या मनात होतं, पण रस्ते खराब होते आणि मामाची जीप महिनोन्‌महिने तिकडेच असायची.

त्याच दिवसांत मोठेबाबा एका दुपारी आले. माय पाटवड्यांची रस्साभाजी करत होती. प्रमोद बरोबर होता. त्याच्या नोकरीचं अमरावतीला चाललं होतं, कुठल्याशा खात्यात, कुठल्याशा साहेबांच्या हाताखाली. पहिला घास घेऊन मोठेबाबा म्हणाले, "मी मरीमायले बोललो. प्रमोदच्या कामासाठी कोंबडा बोललो. पायात पिसं असलेला."

मायचा हात भगुण्यावर थांबला.

"कोनाचा?" मी विचारलं.

"घरचा."

"घरचा नाई. माहा आहे. मामानं मले देला."

"घरातलं सारं घरचंच असते पोरी. अन् तसाबी त्याच्यापासून एक अंडं फुटून नाई राहिलं. निकामा जीव देवीच्या कामी आला त बरंच हाये."

"निकामा देवीले काहून देता? तिले चांगला द्या ना. तुमचा द्या."

प्रमोद ताटात तोंड घालून हसला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुसुम, उठ ताटावरून." मी उठले. त्या दिवशीची पाटवड्यांची भाजी मला अजून आठवते, कारण ती खाल्ली नाही.

आमच्याकडे बोललेला जीव परत घेत नाहीत. एकदा मरीमायचं नाव घेऊन एखादा कोंबडा बोलला, की तो त्या घटकेपासून तिचा. विकता येत नाही, बदलता येत नाही, कोणाला देता येत नाही. घरातल्या कोणी आडकाठी केली तर घरातलंच लेकरू आजारी पडतं असं म्हणतात, आणि माझा धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता. मी मायशी खूप घासाघीस केली. नवाबच्या जागी दोन गावठी कोंबडे देते म्हणाले, पिंगीची सगळी अंडी वर्षभर देते म्हणाले. माय म्हणाली, "मले काय सांगून राहिली? मी देवी आहो का?" मोठेबाबांनी नवाबच्या पायाला लाल दोरा बांधला. त्याच्या तुऱ्याचा मागचा दात मांजरीने पूर्वीच तोडला होता. तिथे त्यांनी कुंकू लावलं.

एक गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही, आणि ती मला आजही झोंबते. नवस काम झाल्यावर फेडतात. मोठेबाबांनी आधी फेडला. "साहेबानं शब्द देला म्हन्जे झालंच," असं म्हणून ते प्रमोदला घेऊन गावाबाहेरच्या मरीमायच्या ओट्याकडे निघाले. नवाब प्रमोदच्या पिशवीत होता, मान बाहेर काढून. कोंबडा कापताना बायका आणि मुली तिथे जात नाहीत, म्हणून आम्ही अंगणातच राहिलो. घरी आलं ते कापलेलं मटण, पळसाच्या पानात बांधलेलं. मायने तिखट रस्सा केला. मी आधी नाही म्हणाले, मग वासाने बसले. माझ्या वाटीत तंगडीचा तुकडा आला तो माझ्या पंजाएवढा होता. मी म्हणाले, "माय, नवाबची तंगडी एवढी नव्हती." माय म्हणाली, "देवीपाशी गेलं की वाढते. खाय गुमान." मी खाल्लं. चांगलं झालं होतं. आजही वाटतं, त्या घरात सगळ्यात हुशार मीच होते आणि मीसुद्धा ती तंगडी गिळली.

नवाब गेल्यावर जात गेली. गावठी कोंबड्यांना मी किती दगड मारणार? पिल्लं पुन्हा निघायला लागली, पण लांब पायांची, उघड्या नडग्यांची. पिंगीचं अंडं पुन्हा अडकलं. या वेळी माय शेतात होती, मी एकटीने कोमट पाणी केलं, तेल केलं, तिला मांडीवर धरलं. अंडं आत फुटलं. संध्याकाळपर्यंत ती गेली. गावात बाया म्हणाल्या, मोठ्या कोंबड्याचं अंडं बारक्या अंगात मावलं नाही. ते खोटं आहे. अंड्याचा आकार मादी ठरवते, नर नाही. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी बरीच वर्षं त्या गावठी कोंबड्याला शिव्या घातल्या ज्याचा काही दोष नव्हता.

प्रमोद नोकरीला लागला. त्याच्याकडे अमरावतीला मी मायबरोबर पहिल्यांदा गेले ती तुरीच्या शेंगांच्या दिवसांत. अंबादेवीचं दर्शन झालं, आणि प्रमोद म्हणाला की साहेबांकडे शेंगांची पिशवी पोचवायची आहे, कुसुमला घेऊन जातो, तेवढंच तिचं शहर पाहून होईल. माय त्याच्या खोलीवर थांबली. साहेबांचा बंगला कॅम्प भागात होता. बाहेर मोगऱ्याचं कुंपण, आत पाण्याचा पाइप सोडलेला, आणि गवतावर, पायजमे घातल्यासारखी, पिल्लंच पिल्लं. काळी, पिंगट, चट्ट्यापट्ट्यांची, सगळी बुटकी, सगळी भरल्या पायांची. मी फाटकातच उभी राहिले. जिभेने तो आवाज केला जो मी दाणे टाकताना करायचे. झाडामागून नवाब चालत आला. तुऱ्याचा मागचा दात नव्हता.

साहेबांची बायको पायरीवर आली. "अगंबाई, हा तर कोणाजवळ जात नाही. प्रमोद, ही कोण?"

"काकाची मुलगी, मॅडम. खेड्यातली आहे."

मी म्हणाले, "ह्याले त मरीमायनं खाल्लं होतं!"

प्रमोदने माझा दंड असा धरला की बोटं उमटली. बाई हसल्या. त्यांना वाटलं मी काही खेड्यातलं मजेचं बोलले. "खाल्लं कसलं, लाखात एक आहे हा," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रमोदच्या वडिलांनीच आणून दिला. साहेबांना ह्या जातीचा फार नाद. एक अंडं वाया जात नाही बघ याच्यापासून." मला आतून बिस्किटं आणून दिली. मी ती हातात धरली, खाल्ली नाहीत, फाटकाबाहेर आल्यावर प्रमोदच्या नव्या बुटांवर टाकली.

"कोंबडाच त होता बे," तो म्हणाला. मुलगी असून मला बे म्हणाला. "माही नोकरी मोठी का तुहा कोंबडा?"

"मंग मरीमायले काय देलं?"

"बाजारातला. तिले काय समजते!"

मायला सांगितलं तेव्हा ती माझ्या कोंबड्यासाठी नाही, देवीसाठी घाबरली. गावी आल्यावर नारळ घेऊन एकटी ओट्याकडे गेली आणि दुसऱ्याने केलेल्या गोष्टीची माफी मागून आली. बाबांना सांगितलं तर ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पोराचं पोट लागलं आता तिथं. बोलू नको." मोठेबाबा पुढच्या सुट्टीला आले, माझ्यासाठी रिबिनी आणल्या. मी त्या त्यांच्यासमोर चुलीत घातल्या. कोणी मला मारलं नाही. त्यावरून मला कळलं की सगळ्यांना सगळं माहीत झालं आहे.

इथवर ही लबाडी झाली. लबाडी मी पाहिली आहे, धंद्यात केलीही असेल. पण पुढचं मला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि ते मला गिळवत नाही. हॅचरी नवी होती तेव्हा एका शेतकऱ्याकडून घेतलेली अंडी फुटेनात, आणि आतलं पिवळं हिरवट निघालं. तोच रंग. मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी अंडं बघितलं आणि एकच विचारलं, "कोंबड्यांना सरकीची ढेप घालता का?" सरकीतून तेल काढून उरतो तो चोथा म्हणजे ढेप. म्हशीला घातली की दूध दाट होतं, आमच्या वऱ्हाडात घरोघर असते. कोंबडीच्या पोटात जास्त गेली की अंडं बिघडतं आणि त्यात जीव टिकत नाही. माझा विश्वास बसेना. मी घरच्या दोन माद्यांना ढेप घालून पाहिली, अंडी ठेवून दिली, फोडली. हिरवट. ढेप बंद केली, काही आठवड्यांनी अंडी पुन्हा पिवळी.

त्या हिवाळ्यात आमच्या घरी ढेपीचं पोतं होतं. मोठेबाबांनीच मिलमधून आणून दिलं होतं, प्रमोदच्या खांद्यावर. माय ज्वारीच्या कण्या वाचवायला कोंबड्यांना तीच टाकायची; पोतं संपलं तेव्हाच पिल्लं पुन्हा निघायला लागली होती. माय थकली होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून विचारलं, कोंबड्यांना ढेप घालायची हे कोणी सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुह्ये मोठेबाबाच म्हनाले. दुधावर फरक पडते, मंग अंड्यावर काहून नाई पडनार." आणि मला मिलचं आवार आठवलं. मी लहानपणी तिथे गेले होते. आवारात शेठच्या कोंबड्या होत्या आणि ढेपीच्या ढिगाकडे एक वळली तेव्हा मोठेबाबांनी चप्पल फेकून मारली होती. चौकीदाराला ते ओरडले होते, "हाकल त्याइले! अंडे नासतेत, शेठ माह्यावर येते मंग." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नवाब निकामी नव्हता. त्याला निकामी ठरवलं गेलं. हे मोठेबाबांनी जाणून केलं, की पोतं देताना विसरले आणि मग आयती संधी दिसली, एवढंच मला माहीत नाही. ते फक्त एका माणसाला माहीत असेल.

गेल्या महिन्यात त्या माणसाचा फोन आला. गावचे लोक मरीमायच्या ओट्याला फरशी बसवत आहेत, वर कळस करत आहेत, प्रमोद त्यांचा पुढारी झाला आहे. "कुसुमबाई, तुमच्यासारख्यांनी हातभार लावला पाहिजे," असं म्हणाला. मला कुसुमबाई म्हणाला. मी म्हणाले विचार करून सांगते. विचार झाला, म्हणून इथे लिहिते, म्हणजे त्याला म्हणता येणार नाही की फोनवर नीट ऐकू आलं नाही.

प्रमोद, फरशी सगळी माझी, कळसही माझा. कोणाकडे दारोदार जाऊ नको. माझी अट एक. फरशी बसेल त्या दिवशी तू ओट्यासमोर उभा राहा, गाव गोळा झालेलं असू दे, आणि मोठ्याने सांग की तिला कोणाचा कोंबडा बोलला होता, तिच्यापुढे कोणता कापला, आणि बोललेला कुठे नेला. ते झालं की माझ्याकडे वळ. त्या पोत्याचं तोंड आमच्या अंगणात तूच सोडलंस. तुझ्या बापाने मायला कोंबड्यांना ढेप घालायला सांगितलं तेव्हा तू शेवग्याखाली उभा होतास, हेही मायनेच मला सांगितलं. त्यांना माहीत होतं का? तुला माहीत होतं का? उत्तर दे.